टाकळा, हळद, कडुनिंब यांनी गजकर्ण खरंच जातं का, की नुसत्या समजुती?

'समजुती' म्हणालात म्हणून लिहायला बसले. याच शब्दाने आमच्या भाऊजींनी सासूबाईंना दोन वर्षं गप्प केलंय.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. पावसाळ्यात मला कमरेवर, परकराच्या नाडीखाली गजकर्ण उठलं. रुपयाएवढं, कडा लाल, मधे साफ. सासूबाईंनी टाकळ्याचं बी (इकडे पंवाड) आंबट ताकात रात्रभर भिजवून पाट्यावर वाटलं. वासाचं विचारू नका. आठवडाभर लावलं. चुरचुरायचं, पण खाज निम्म्यावर आली. तेवढ्यात भाऊजी आले, "वहिनी, कुठल्या जमान्यात आहात?" म्हणत मेडिकलवरून ट्यूब घेऊन. चार दिवसांत कातडी गुळगुळीत! पंधरा दिवसांनी तेच पोटभर पसरलं, आता कडाही धड दिसेनात. स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षर वाचलं: क्लोबेटासोल. म्हणजे स्टिरॉइड. लाली-खाज दबते, बुरशीला रान मोकळं. घरात खापर मात्र ताकावर फुटलं.

टाकळ्याचं संस्कृत नावच दद्रुघ्न, गजकर्ण मारणारा. बियांत क्रायसोफॅनिक आम्लाच्या कुळातली द्रव्यं असतात, प्रयोगशाळेत ती बुरशी रोखतात. याच कुळातली 'गोवा पावडर' एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर विकली जायची. ती ज्या झाडापासून काढतात ते ब्राझीलचं, पोर्तुगीजांमुळे नाव गोव्याचं. तिच्यातल्या क्रायसारोबिनला पर्याय म्हणून १९१६ साली डिथ्रॅनॉल हे औषध आलं, ते सोरायसिस या कातडीच्या रोगावर आजही देतात. मग समजूत कुणाची?

हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ साली रद्द झालं, ते लोक फार मिरवतात. तो वाद जखमेवर हळद लावणं जुनंच आहे, एवढ्यापुरता होता. गजकर्णाचा त्यात संबंध नाही. कडुनिंबाच्या पाण्याने मला तरी नुसतं थंड वाटलं.

आता खरं सांगते, माझं शेवटी गेलं ते डॉक्टरांच्या गोळ्यांनी, दीड महिन्यात. प्रयोगशाळेच्या बशीतली बुरशी वेगळी, कातडीतली वेगळी. लहान मूल, मधुमेह, चेहरा, जांघ असेल तर टाकळाही नको, आग होते. लसूण तर कुणालाच नको, फोड येतात. आणि ओले कपडे अंगावर वाळवू नका.

भाऊजी, हे वाचत असाल तर ती ट्यूब मी जपून ठेवलीय. गणपतीला याल तेव्हा आईंसमोर मागचं बारीक अक्षर तुम्हीच वाचा.