देवावर राग आहे, मग त्याच्याच पायाशी कशी बसू?

पत्र, थोडक्यात :

"मी तासगाव तालुक्यातली. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस लागला आणि डावण्या रोगानं घड गेले. यंदा माल चांगला निघाला, बेदाण्यासाठी रॅकवर टाकला आणि अवकाळीनं गाठलं. सोसायटीचं कर्ज आहे, औषध दुकानाची उधारी आहे, माझं सोनं गहाण आहे. हे रात्री उशिरापर्यंत सोप्यात एकटे बसून असतात, बोलत नाहीत. लोकांत जायची लाज वाटते म्हणून मी हळदीकुंकवालाही जात नाही. महिना झाला, देवापुढं दिवा लावलेला नाही. सासूबाई म्हणतात, देव कोपलाय, सोळा सोमवार धर. एका गुरुजींनी ३१ हजारांची शांत सांगितली आहे. मला देवाचा राग येतो आणि त्या रागाचीच भीती वाटते. तरी रात्री जीव घाबरला की त्याचंच नाव तोंडात येतं. त्याच्याकडं शांती मागायला तोंड उरलंय का माझं?"

ताई,

देवाबद्दल लिहिणारच आहे, पण आधी तुमच्या मालकांबद्दल. तुम्ही त्यांच्याविषयी दोनच ओळी लिहिल्यात आणि मी तिथंच अडकले. आज रात्री त्यांच्याशेजारी जाऊन बसा. हिशोब काढू नका. "जीव नकोसा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याकडं ठेवा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. त्यांनी होकारार्थी उत्तर दिलं तर त्यांना एकटं सोडू नका, दीर असतील, भाऊ असेल, त्यांना बोलावून घ्या आणि डॉक्टरांकडं न्या. फोन तुम्ही स्वतःसाठीही करू शकता. तुमचीही झोप गेलेली दिसते.

आता तुमचा प्रश्न. तोंड उरलंय का, असं विचारता. ताई, आपल्याकडं देवाशी भांडून कुणी वाळीत पडलेलं नाही. जनाबाईनं विठोबाला शिव्या घातल्या. माझ्यापुरता देव मेला, इथवर तुकोबा बोलून गेले, आणि वारकऱ्यांनी ते अभंग लपवले नाहीत, जपले. तुमचा राग त्यांच्या रागापेक्षा वेगळा नाही. आणि देव मुळी नाहीच असं वाटत असेल, तर त्याचा राग कुणाला येतो? रात्री घाबरल्यावर त्याचंच नाव येतं, हे तुम्हीच लिहिलंय.

तुकोबांचं नाव मी उगाच घेतलं नाही. १६३० च्या सुमाराला दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला तेव्हा ते विशीतले, दुकान चालवणारे संसारी गृहस्थ होते. आईवडील गेले होते. दुष्काळात पैसा संपला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत गेली. पुढं संतांनी विचारलं म्हणून त्यांनी हे सगळं एका अभंगात सांगून ठेवलंय. व्यापार तोट्यात गेला त्याची आपल्याला लाज वाटत होती, हेसुद्धा त्यांनी झाकलेलं नाही. तुम्ही हळदीकुंकवाला जात नाही ना, तीच ही लाज. पाऊस पडला यात तुमचा काय गुन्हा?

त्यानंतर त्यांनी काय केलं, तेही त्याच अभंगात आहे आणि ते इतकं साधं आहे की आपल्या नजरेतून सुटतं. देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन करू लागले, आणि सुरुवातीला त्यात चित्त नव्हतं असं ते स्वतःच सांगतात. संतांची काही वचनं पाठ केली. आणि "गाती पुढें त्यांचें धरावें धृपद". जे पुढं गात आहेत त्यांच्यामागं ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरायचं, बस्स. दुःखानं पिचलेल्या माणसानं स्वतःहून भक्ती उभी करावी अशी अपेक्षा तिथं नाही.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे की घरात एकटीनं देवघरासमोर बसून शांती शोधू नका. सध्या एकटीला तिथं हिशोबच दिसणार. तुमच्या भागात विठ्ठलाच्या देवळात संध्याकाळी हरिपाठ होतो, तुमच्या गावात होत असेल तर तिथं जा. मागं, भिंतीला टेकून बसलात तरी चालेल. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग म्हणायला साधारण अर्धा तास लागतो. तोंडातून शब्द फुटला नाही तर टाळी वाजवा, तीही वाजली नाही तर ऐका. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. कर्ज त्या अर्ध्या तासात फिटणार नाही, पण तेवढा वेळ ते तुम्हाला एकटीला वाहावं लागणार नाही. पहिले काही दिवस काहीच वाटणार नाही, तरी जात राहा. मालकांना ओढून नेऊ नका. तुम्ही जाताय हे त्यांना दिसू द्या.

त्या ३१ हजारांच्या शांतीला मात्र माझा ठाम नकार आहे. गहाण सोन्याचं व्याज चढत असताना आणखी कर्ज काढून जी शांती घ्यायची, ती शांती कसली? नवसानं मुलं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, असं तुकोबांनीच सुनावलंय. अवकाळी पाऊस तालुक्यातल्या कितीतरी बागांवर पडला, नेम धरून तुमच्याच रॅकवर पडला नाही. देव कोपला असं जो सांगतो आणि लगेच किंमतही सांगतो, त्याला नम्रपणे वाटेला लावा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांचं पोरगं रात्ररात्र जागं आहे, त्यांचाही जीव टांगलेला आहे आणि त्यांना उपाय म्हणून उपवासच ठाऊक आहे. सोमवार तुम्हाला मनापासून धरावेसे वाटले तर धरा. भीतीनं धरू नका, आणि जेवण तुटतंय अशा दिवसांत तर नकोच. त्यांना म्हणा, "आई, मी हरिपाठाला जाते, तुम्ही चला माझ्याबरोबर." बहुधा त्या तुमच्या आधी चप्पल घालतील.

नुकसानीचा पंचनामा झाला नसेल तर तलाठ्याकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोसायटीत आणि बँकेत कर्जाच्या पुनर्गठनाची, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून मिळतील का याची, चौकशी करा. हेही देवाला शरण जाण्याच्या आड येत नाही. तुकोबांनी देऊळ हातांनीच नीट केलं होतं.

दिव्याचं मनावर घेऊ नका. लावावासा वाटेल त्या दिवशी लावा. रोजचा नेम चुकला म्हणून विठोबा हिशोबाची वही काढत नाही, निदान मला भेटलेला तरी नाही. लावाल तेव्हा तोंड भरून भांडा, मनातलं सगळं बोला, चांगलं बोलायचा आव आणू नका.

मला पुन्हा लिहा. मालक काय म्हणाले आणि आता झोपतात का, ते आधी कळवा.