वाचकांचे प्रश्न : थाळीवर पारवे, फुटक्या मण्यावर मधमाश्या

प्रश्न : गॅलरीत मातीच्या थाळीत दाणे ठेवतो. आधी चिमण्या यायच्या, आता सगळं पारवेच फस्त करतात. त्यांना हुसकावलं की चिमण्याही भुर्र होतात. काय करावं? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : पारव्याला चिमणीशी भांडावंच लागत नाही. ती 25-30 ग्रॅमची, तो तिच्या दहापट; तो थाळीत उतरला की जागाच उरत नाही. शिवाय तो दाणे सोलत बसत नाही, अख्खे गिळतो. चिमणी एकेक दाणा चोचीत फिरवून टरफल काढते. उघड्या थाळीत ती मागेच पडणार. तेव्हा हुसकावणं सोडा, दाण्यापर्यंतची वाट अरुंद करा.

दीड इंच चौकोनांची वेल्डेड जाळी आणून सव्वा फूट लांबी-रुंदीचा पिंजरा करा आणि मधोमध चार इंचांची वाटी बसवा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: वाटी जाळीला टेकवली की पारवा बाहेर उभा राहून मान आत घालतो. चारही बाजूंनी पाच इंच अंतर हवंच. दोन इंचांची जाळी घेतलीत तर साळुंक्या शिरण्याची शक्यता. नायलॉनची नको, खार कुरतडते. वर उतरता पत्रा टाका, म्हणजे पारव्यांना बैठक मिळत नाही. तारेची टोकं आत वळवून घासा आणि पिंजरा हुकाला टांगता ठेवा.

दाणे बाजरी, राळा किंवा तांदळाच्या कणीचे, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे. मका, ज्वारी घालणं म्हणजे पारव्यांना आवतण. खाली सांडलेलं लगेच उचला, नाहीतर सगळा थवा फरशीवर जमतो. पावसाळ्यात भिजलेले दाणे रोज फेकून वाटी कोरडी करा. बुरशीचे दाणे पक्ष्यांना बाधतात. नव्या वस्तूला चिमण्या बिचकतात, आठ-पंधरा दिवस धीर धरा. आणि पारव्यांची वाळलेली विष्ठा कधीही तशीच झाडू नका. तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, मग खरवडा.

प्रश्न : नांदूर मधमेश्वरला एकाच पाण्यात इतके पक्षी असतात, ते भांडत कसे नाहीत? (सिन्नर)

उत्तर : पाणी एक असलं तरी जेवण्याची जागा आणि अवजार वेगळं. थापट्या बदक पृष्ठभागावरचं पाणी चोचीतून गाळतं, तलवार बदक शेपूट वर करून तळातलं खातं. चमचा पक्षी उथळ पाण्यात अर्धवट उघडी चोच डावी-उजवी फिरवत चालतो. रातबगळा तर मुख्यतः अंधार पडल्यावर कामाला लागतो. चोरी चालतेच, बरं का! वारकरी नावाचा पाणपक्षी बुडी मारून पाणवनस्पती वर आणतो आणि गडवाल बदक शेजारी टपलेलं असतं, ती हिसकावायला.

प्रश्न : द्राक्षांत पाणी उतरल्यापासून (मणी मऊ, गोड होऊ लागल्यापासून) घडांवर मधमाश्या दिसतात. त्या मणी फोडतात का? फवारणी करू का? (निफाड)

उत्तर : फवारणी नको. मधमाशीच्या जबड्यांना शाबूत मण्याची साल फाडता येत नाही. साल आधी फाटते ती बुलबुल-साळुंकीच्या चोचीने, गांधीलमाशीच्या जबड्याने किंवा पावसाने मणी तडकून. मधमाशी नंतर रस चाखायला येते. तिच्यासोबत मुंग्या आणि चिलटं येतात, आणि खरा धोका चिलटांचा. ती फुटक्या मण्यात अंडी घालतात, आंबवणारे जंतू पसरवतात, आणि आंबट वासाची सड घडभर पसरते.

म्हणून मधमाश्या दिसलेला घड हाताने उलटून पाहा. आतल्या बाजूचा चोचलेला मणी बाहेरून दिसत नाही. तो देठासकट कात्रीने काढा, बादलीत गोळा करा आणि बागेबाहेर खोल पुरा. ओळीतच टाकलात तर चिलटं तिथेच वाढतात. काढणी जवळ असताना फवारलं तर मधमाश्या मरतातच, वर द्राक्षांत औषधाचा अंश राहतो आणि निर्यातीचा माल नाकारला जाऊ शकतो. पुढच्या हंगामात पक्षी-जाळी पाणी उतरण्याआधीच ताणून बांधा आणि कडा जमिनीपर्यंत न्या. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात आणि कडेच्या फटीतून साळुंक्या आत शिरतात.