कामगंध सापळ्यांनी गावातल्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगांचा सर्व्हे करता येतो का? एकरी किती लावायचे?

करता येतो. फवारणीची वेळ ठरवायची असेल तर हेक्टरी 5, म्हणजे एकरी दोन पुरतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग पडले की हालचाल करायची, हे तुम्हाला माहीत असेलच. पण गावात पतंग निघतात कुठून हे बघायचं असेल तर एकराचा हिशेब सोडा आणि जागा धरा: नाला, गोठा, कापूस साठवलेली खोली, पऱ्हाटीचा म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा ढीग. आणि लावा कपाशी पेरायच्या आधी.

2017 चा हंगाम यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीने खाल्ला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा दुसऱ्या वेचणीलाच निम्मा कापूस कवडी, म्हणजे किडका आणि नीट न उमललेला निघाला. तरी मोठेबाबांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, फरदड ठेवली, हंगाम संपल्यावरही तीच कपाशी उभी राखून मार्चपर्यंत वेचली, आणि पऱ्हाट्या उपटून जळणासाठी गोठ्यामागे रचल्या. मी म्हटलं, या किडक्या बोंडांत अळी झोपलेली आहे. ते म्हणाले, उन्हाळ्यात मरते.

2018 च्या जूनमध्ये मी सहा नरसाळे सापळे आणले. रोज सकाळी सापळ्यांच्या पिशव्या सोडून पतंग मोजायचो, वहीत मांडायचो. वावरात कपाशीचं पानही नव्हतं. नाल्याकडच्या सापळ्यात दोन, कधी तीन. गोठ्यामागच्यात पहिल्याच आठवड्यात एका रात्रीत एक्केचाळीस.

वही दाखवली तर मोठेबाबा म्हणाले, "गंध टांगून तूच बोलावले ते."

हे वाक्य मला फार लागलं. मग मी नाल्याकडच्या सापळ्यातली गंधाची गोळी गोठ्यामागे लावली आणि तिथली नाल्यावर नेली. पुन्हा चार दिवस मोजलं. गोठ्यामागचाच सापळा भरत राहिला. गोळी तीच, कंपनी तीच, फरक फक्त ढिगाचा. ज्यांना वाटतं की सापळ्यामुळे कीड वाढते, त्यांनी एवढं करून बघावं आणि मग बोलावं. गोळीला मादीचा वास असतो, त्यावर नर येतात. अंडी घालणारी मादी त्या वासाने येत नाही. मग सापळ्याने अळी वाढेल कशी?

फरदड घेणारा नुसतं स्वतःच्या वावराचं नुकसान करत नाही, अख्ख्या शिवाराचं करतो. हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणतो.

सर्व्हेसाठी सगळीकडे एकाच दिवशी, एकाच खेपेच्या गोळ्या लावा आणि पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत सगळ्या एकदम बदला. दोन सापळ्यांत पन्नास मीटर तरी ठेवा. हिरव्या बोंडअळीची गोळी हाताळलेल्या हाताने गुलाबीची लावू नका, वास मिसळतो. सापळा कोरडा राहिला म्हणजे पतंग नाहीत असं लगेच धरू नका. गोळी शिळी असू शकते, रात्री पाऊस झालेला असू शकतो. शिवाय हे आकडे फक्त नरांचे. बोंडात अळी किती, हे वीस हिरवी बोंडं फोडूनच कळतं. आणि तुम्हाला गावातले सगळ्या जातींचे पतंग बघायचे असतील तर हे सापळे उपयोगाचे नाहीत, त्याला पांढरा पडदा आणि दिवा लागतो.

एक सापळा पऱ्हाटीच्या ढिगापाशी लावाच. आणि सकाळी मोजायला जाताना ज्याचा ढीग आहे त्याला सोबत न्या, पिशवी त्याच्या हाताने सोडायला लावा. मी एकटाच मोजत होतो. मोठेबाबांनी वही पाहिली, पिशवी कधी पाहिली नाही.