ड्राय फूडवर वाढलेल्या मांजरींना बॅलन्स्ड रॉ डाएटवर कसं आणायचं?

तुमचा प्रश्न वाचला. दोन मांजरी, एक ४ वर्षांची एक ७ वर्षांची, आजवर फक्त ड्राय फूड, आता रॉवर (म्हणजे कच्च्या मांसाच्या आहारावर) आणायच्यात, आणि तुम्ही विचारलंय की नुसतं कच्चं चिकन देऊन भागेल का, सवय व्हायला किती दिवस लागतात आणि ड्राय आणि रॉ एकत्र दिलं तर पोट बिघडतं का. पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकते, नाही, नुसत्या चिकनवर अजिबात भागत नाही. बाकीच्या दोन गोष्टींवर येतेच.

मी स्वतः हीच चूक केलीये म्हणून इतकं ठामपणे सांगतेय. माझ्याकडे मनी (तेव्हा ५ वर्षांची) आणि काळू, ८ वर्षांचा गब्दुल बोका. मनीसमोर पहिल्या दिवशी बोनलेस चिकनचे तुकडे ठेवले तर तिने वाटी चाटूनपुसून साफ केली, मला वाटलं झालं की काम, लोक उगाच बाऊ करतात. पाचसहा आठवडे तेच चालू. केस चमकायला लागले, शी कमी आणि वासही जवळजवळ नाही, मी एकदम खूश. मग रूटीन चेकअपला गेले तेव्हा व्हेटनी एकच प्रश्न विचारला, "आणि हिला कॅल्शियम कुठून मिळतंय?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

हिशोब असा आहे की १ किलो बोनलेस मांसात फॉस्फरस साधारण २ ग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम ०.१ ग्रॅम. मांजरीला मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं, साधारण १.१ ते १.४ ला १. मग शरीर काय करतं तर रक्तातली पातळी टिकवायला स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढत बसतं. पिल्लांमध्ये हे काही आठवड्यांतच दिसतं, हाडं इतकी कमजोर होतात की साध्या उडीनेही मोडतात, पण मोठ्या मांजरीत महिनोन्‌महिने बाहेरून काहीच कळत नाही आणि खरा घोळ तिथेच आहे. केस चमकतायत, मांजर आवडीने खातेय, म्हणजे आहार बरोबर आहे असं नसतं.

मांजर शिकार करते तेव्हा उंदीर आख्खा खाते, हाडं, काळीज, हृदय, रक्त, सगळं. त्यात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि कार्ब्ज नावाला. बॅलन्स्ड रॉ म्हणजे त्या उंदराची नक्कल, आणि आपण सुटे भाग आणून तो जोडतोय, तर एखादा भाग राहिला की मशीन कुठेतरी अडणारच. आता कलेजी घ्या. मांजरीला गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून व्हिटॅमिन ए बनवताच येत नाही, ते तिला तयारच मिळावं लागतं, म्हणून कलेजी लागते, पण एकूण वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपासच. आवडते म्हणून रोज वाटीभर दिली तर ए जास्त होतं आणि काही काळाने मानेचे मणके एकमेकांना जुळून जातात, मांजरीला मान वळवून अंग चाटता येत नाही. कच्चे मासेही रोज नकोत, बऱ्याच माशांमध्ये थायमिन (व्हिटॅमिन बी१) मोडणारं एन्झाइम असतं.

टॉरिनची (मांसातून मिळणारं एक अमिनो आम्ल, मांजरीला ते आहारातूनच लागतं) तर गोष्टच आहे. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मांजरींमधला एक हृदयविकार, ज्यात हृदय मोठं आणि ढिलं होत जातं, तो टॉरिन कमी पडल्यामुळे होतो आणि टॉरिन दिलं की बऱ्याचदा बराही होतो. आणि त्या मांजरी तयार कॅट फूड खाणाऱ्या होत्या बरं का! त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. रॉवाले लोक तुम्हाला पॉटेंजर नावाच्या डॉक्टरांचा १९३२ ते १९४२ चा प्रयोग नक्की सांगतील, शिजवलेलं मांस खाणाऱ्या मांजरी पिढ्यानपिढ्या खंगत गेल्या म्हणून. पण तेव्हा मांजरीला टॉरिन लागतं हे कुणाला माहीतच नव्हतं, आणि शिजवताना ते रसात उतरतं, तेव्हा त्या प्रयोगावरून कच्चं तेच चांगलं असं काही सिद्ध होत नाही. हृदयात टॉरिन चांगलं असतं. तरी खिमा करताना, फ्रीझ करताना कमी होतं म्हणून मी वरून घालतेच.

आणि ते ८०-१०-१० (८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के अवयव) सगळीकडे सांगतात ना, ते नुसत्या चिकनपेक्षा खूप बरं, पण बॅलन्स्ड नाही. मँगनीज, आयोडीन, व्हिटॅमिन ई, डी हे त्यातही कमी पडतात. माझं मत विचाराल तर घरी अंदाजपंचे करू नका, एक तर व्हेटरिनरी न्यूट्रिशनिस्टकडून ग्रॅममध्ये रेसिपी घ्या, नाहीतर बोनलेस मांसात मिसळायचा तयार प्रीमिक्स (व्हिटॅमिन, खनिजांची पावडर) मिळतो तो वापरा आणि त्यावर लिहिलंय तसंच मोजून घाला. रेडी रॉ फूड घेणार असाल तर लेबलवर 'कम्प्लीट' आहे की 'कॉम्प्लिमेंटरी' तेवढं बघा, दुसरं असेल तर तो पूर्ण आहार नाही.

आता सवयीचं. मनीचं बघून मला वाटलं काळूही तसाच वळेल, तर कसलं काय. मांजर लहानपणी जे खाते त्याचाच पोत, वास तिच्या डोक्यात बसतो, आठ वर्षं कुरकुरीत गोळ्या खाल्लेल्या बोक्याला तो ओला गोळा म्हणजे खायची वस्तूच वाटेना. मी पण हट्टाला पेटले, म्हटलं भूक लागली की झक मारत खाईल. हे कुत्र्यासोबत कदाचित चालेल, मांजरीसोबत कृपया करू नका. मांजर, त्यातही जाडी मांजर, दोनतीन दिवस नीट खाल्लं नाही की शरीरातली चरबी एकदम लिव्हरमध्ये जमायला लागते आणि त्यातून जीव जाऊ शकतो. काळू दीड दिवस उपाशी राहिला, मग सुस्त पडला, मी घाबरून व्हेटकडे नेला आणि भरपूर बोलणी खाल्ली. रिपोर्ट नशिबाने ठीक आले. तेव्हापासून घरात एक नियम आहे, २४ तास काही खाल्लं नाही तर जुनं फूड परत द्यायचं, त्यालाही तोंड लावलं नाही तर सरळ डॉक्टर.

त्याच्यासोबत मग जे चाललं ते असं, आधी दिवसभर भरलेली वाटी बंद केली आणि ड्रायच दिवसातून चार ठरलेल्या वेळी द्यायला लागले, कारण जरा भूक असल्याशिवाय नवीन काही चाखतच नाहीत. दोन आठवडे फक्त एवढंच. मग ड्रायच्या शेजारी, त्यात मिसळून नाही, चमचाभर वेट फूड (डब्यात, पाउचमध्ये मिळतं ते तयार ओलं खाणं). पहिले दहाबारा दिवस त्याने त्यावर नुसती माती ओढल्यासारखं केलं. मग ड्रायचा चुरा करून वेटवर भुरभुरवला, आणि वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केली (फ्रिजमधलं गार मांस दिलंत तर हमखास नाही म्हणणार, उंदीर गार नसतो), तेव्हा कुठे साहेबांनी जीभ लावली. पूर्ण वेटवर यायला चार महिने लागले. तिथून रॉवर न्यायचा प्रयत्न केला, चमचाभर मिसळलं की तेवढंच बाजूला काढून बाकी खायचा. शेवटी मी सोडून दिलं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तो आज वेटवरच आहे, वजन उतरलंय आणि लिटरमध्ये (शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये) लघवीचे गोळे मोठे दिसतात म्हणजे पाणी पोटात जातंय, मला खरं तर तेच हवं होतं. मनीला रेसिपीवर आणायला मात्र फक्त दहा दिवस लागले. तेव्हा तुमच्या दोघींचंही वेळापत्रक एकच असेल असं धरू नका. दर आठवड्याला वजन करा, उतरत असेल तर आठवड्याला १-२ टक्क्यांपेक्षा जास्त नको.

सुरू करण्याआधी दोघींचं रक्त तपासून घ्या, ७ वर्षांच्या मांजरीचं तर नक्कीच. किडनीचा त्रास निघाला तर हाडामांसातला जास्तीचा फॉस्फरस तिला जड जातो. डायबेटिस असून इन्सुलिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने काहीच बदलू नका, कार्ब्ज कमी झाले की इन्सुलिनची गरज झपाट्याने घटते आणि जुनाच डोस दिला तर शुगर धोकादायक खाली जाते.

जंतूंबद्दल रॉच्या ग्रुपवर 'मांजरीचं पोट सगळं पचवतं' असं सर्रास म्हणतात. मांजर स्वतः ठणठणीत दिसत असतानाही तिच्या शीतून साल्मोनेला बाहेर पडत असतो, आणि लिटर आपण साफ करतो. घरात लहान बाळ, गरोदर बाई, वयस्कर माणूस किंवा केमो चालू असलेलं कुणी असेल तर माझ्या मते रॉ नकोच. फ्रीझ केल्याने काही परजीवी मरतात, पण साल्मोनेला, लिस्टेरिया फ्रीझरमध्ये आरामात जगतात. अमेरिकेतल्या व्हेट लोकांच्या संघटनेने २०१२ पासूनच रॉ देऊ नका असं धोरण ठेवलंय, तेव्हा मला ते अतिरेकी वाटायचं.

मग बर्ड फ्लू आला. २०२३ मध्ये पोलंड आणि दक्षिण कोरियात मांजरी दगावल्या, आणि २०२४ च्या शेवटापासून अमेरिकेत कच्चं पोल्ट्रीचं पेट फूड खाल्लेल्या मांजरी एच५एन१ ने गेल्या, फ्रोझन माल परत मागवावा लागला. फ्रीझरने हा व्हायरस मरत नाही आणि मांजरींना तो फार वाईट होतो. ते वाचल्यावर मी मनीचं कच्चं बंद केलं. आता तेच बोनलेस मांस ७४ डिग्रीपर्यंत शिजवते, सुटलेला रस फेकत नाही, गार झाल्यावर प्रीमिक्स आणि टॉरिन घालते. हाड त्यात नसतंच, कॅल्शियम प्रीमिक्समधून येतं, कारण शिजलेलं हाड टोकदार तुकड्यांत फुटतं आणि आतडं फाडू शकतं. मनीला कच्च्यात आणि शिजलेल्यात काही फरक पडलेला दिसत नाही. तरीही कच्चंच द्यायचं असेल तर फ्रोझन मांस फ्रिजमध्येच थॉ करा (वितळू द्या), अर्ध्या तासात न खाल्लेलं उचलून टाका, चमचे वाट्या वेगळ्या ठेवा.

राहिलं ड्राय आणि रॉ एकत्र. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने पचतात म्हणून पोटात सडतं वगैरे जे फिरतं त्याला काही आधार मला तरी सापडला नाही, बदल करताना एकत्र द्यावंच लागतं. घाईने वाढवलं तर जुलाब होतात, तेवढं झालं की आधीच्या प्रमाणावर परत जाऊन तीनचार दिवस थांबा. फक्त ड्राय ओलं झालं की तेही फार वेळ वाटीत ठेवू नका. आणि प्रमाण, मोठ्या मांजरीला वजनाच्या साधारण ३ टक्के, म्हणजे ४ किलोच्या मांजरीला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास धरून सुरू करा, पुढे काय ते वजनकाटा सांगेल.