चर्चच्या मंडळीचा खजिनदार हिशेब मागितला की ‘सेवकाने प्रश्न विचारू नयेत’ म्हणतो. बेळगावात काय करता येईल?

हिशेब मागणे हा सभासदाचा हक्क आहे, आणि बायबलही खजिनदाराच्या बाजूने नाही. मार्क 10:42-45 मधला सेवक होण्याचा उपदेश ज्यांना मोठे व्हायचे होते त्या शिष्यांना आहे, बाकावर बसणाऱ्यांना नाही. पैशाबाबत 2 करिंथ 8:20-21 वाचायला द्या: वर्गणी नेताना कोणी बोट ठेवू नये म्हणून पौल सोबत माणसे घेतो.

आधी मंडळीची नोंदणी कशाखाली आहे ते पाहा. कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, 1960 असेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि वार्षिक सभेत ताळेबंद मागा. तोंडी मागणी इतिवृत्तात सहसा येत नाही, तिथेच बहुतेक प्रकरणे विरतात. तरीही नकार आला तर एक-तृतीयांश सभासदांच्या सह्यांवर कलम 25 खाली निबंधकाकडे चौकशी मागता येते. सह्या वर्गणीची पावती असलेल्या सभासदांच्याच घ्या. नुसत्या रविवारी येणाऱ्यांच्या सह्या मोजल्या जात नाहीत. नियमावली कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर सभासदत्वाचे कलम आधी मराठीत करून घ्या, भांडण बहुधा तिथेच अडते.

ट्रस्ट असेल तर हा मार्ग नाही. ट्रस्ट डीड (ट्रस्टचा स्थापनापत्रक दस्त) आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 92 (सार्वजनिक ट्रस्टबाबतचा दावा) पाहावे लागेल, त्यासाठी वकील लागतोच. कॅथलिक असाल तर प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अर्थ समिती सक्तीची आहे (कॅथलिक चर्चच्या कायद्याचे कलम, कॅनन 537), तिच्याकडून सुरुवात करा.