समृद्धीवर जायचंय: टायर बदलू का, आणि हवा किती ठेवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी पाच वर्षांची, टायर १८५/६५ आर १५, नक्षी अजून दिसते. मे महिन्यात चौघं सामानासकट समृद्धीने नागपूरहून ठाण्याला निघणार. टायरवाला म्हणतो २०५चे टाका, नायट्रोजन भरा; मेव्हणे म्हणतात उन्हाळ्यात हवा दोन-चार पॉइंट कमीच ठेवा.

मेव्हण्यांचं अजिबात ऐकू नका. हवा कमी असली की जमिनीला टेकताना टायरची बाजू जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. ताशी १२०च्या वेगाला तुमचं चाक सेकंदाला सुमारे १७ फेरे घेतं. एवढ्या वेळा दुमडून रबर आतून तापतं, थर सुटायला लागतात आणि शेवटी टायर फुटतो. चालून चालून ३३ची हवा ३७-३८ झाली तर त्यात काही वावगं नाही, तो हिशोब धरूनच कंपनी थंड टायरचा आकडा देते. हा आकडा ड्रायव्हरच्या दारालगतच्या स्टिकरवर असतो. बऱ्याच गाड्यांत भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, विशेषतः मागच्या चाकांचा. तुम्ही तोच धरा. टायरवर कोरलेला आकडा म्हणजे कमाल मर्यादा, तेवढी हवा भरायची नसते. सकाळी निघताना, दोन-तीन किलोमीटरच्या आतच भरून घ्या. वाटेत तपासल्यावर वाढलेली दिसली तर सोडू नका, नाहीतर टायर थंड झाल्यावर कमी भरेल.

नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. फुकट मिळाला तर घ्या.

बदलायचे की नाही, हे नुसत्या नक्षीवर ठरवू नका. बाजूवर ‘डीओटी’च्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: २३२० म्हणजे टायर २०२० सालच्या २३व्या आठवड्यात बनला. बाजूला बारीक भेगा किंवा कुठे फुगवटा असेल तर नक्षी कितीही शाबूत असो, तो टायर या रस्त्यावर नेऊ नका. नक्षीच्या खोलीची कायद्याने किमान मर्यादा १.६ मिमी; खाचांच्या तळाशी आडव्या गाठी असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर गोटा झाला समजा. पावसाळ्यात मी तर ३ मिमीलाच बदला म्हणेन, पाणी कापायला खाच लागते.

२०५/६५ आर १५ नको. तुमच्या चाकाचा व्यास सुमारे ६२२ मिमी, त्याचा ६४८ होईल, म्हणजे ४ टक्क्यांहून जास्त. स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवेल आणि चाक आत घासूही शकतं. रुंद हवाच असेल तर १९५/६० आर १५ (६१५ मिमी) बसतो, पण रिमची रुंदी तपासून. साइझनंतरचं ‘८८एच’ही बघा: ८८ म्हणजे प्रत्येक टायरला ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१०पर्यंत. मूळ आकड्यापेक्षा खालचं घेऊ नका.

दोनच बदलणार असाल तर नवे मागे टाका. टायरवाला पुढे लावायचा आग्रह धरेल, पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते, सावरता येत नाही. नवे बसवल्यावर बॅलन्सिंग, अलाइनमेंट करा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

स्टेपनीची हवा आणि तारीखही बघा. ती मूळ चाकापेक्षा लहान असेल तर बहुधा तिच्यावर ताशी ८०ची मर्यादा लिहिलेली असते. मग पहिल्या पंक्चरवाल्यापर्यंतच तिच्यावर जा.