ठासणीच्या बंदुकीवर 'टॉवर' कोरलंय, मग ती बनवली कुणी?

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या लायसनवरची ठासणीची बंदूक आहे, घरात सगळे म्हणतात खास ऑर्डर देऊन करून घेतलेली रायफल हाय, लॉकवर (म्हणजे घोड्याची यंत्रणा बसवलेल्या लोखंडी प्लेटवर) मुकुट आणि टॉवर असं कोरलंय, तर बनवणारा कोण. मी बेळगावचा. खानापूरकडं आमच्या नात्यात पिकाच्या राखणीसाठी दिलेल्या अशा बंदुका अजून आहेत, इलेक्शन आलं की ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर परत आणायच्या, त्यामुळं बऱ्याच हाताळून झाल्यात.

आधी ती भरलेली नाही ना ते बघा. निपलवर, म्हणजे घोडा जिथं आपटतो त्या बारक्या नळीवर, टोपी (ठिणगी पाडणारी केप) नाही याची खात्री करा, नळीचं तोंड कुणाकडंही नको, स्वतःकडं तर अजिबात नको. गज (दारू ठासायची सळई) हळू आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि बाहेर काढून नळीला लावून धरा. टोक निपलजवळ पोचलं पाहिजे, थोडं जरी अलीकडं थांबलं तर आत बार (भरलेली दारू-गोळी) आहे असं धरून चाला आणि हात लावायचं बंद करा. काळी दारू कोरडी राहिली तर आजोबांच्या काळातलीसुद्धा पेटते.

आता टॉवर. ते माणसाचं नाव नव्हे, लंडनच्या टॉवरमध्ये सरकारी शस्त्रांचं कोठार होतं त्याचा तो छाप. पण बर्मिंगहॅमचे व्यापारीपण तो मारायचे आणि खैबरकडच्या कारागिरांनी तर बघून बघून इतका कोरला की कधी कधी अक्षर उलटंच निघतंय. म्हणून लॉकवरच्या नावावर माझा सगळ्यात कमी विश्वास.

मुळात एक बंदूक एकाच माणसानं बनवली असं फार कमी वेळा असतंय. वुल्व्हरहॅम्प्टनचा जोसेफ ब्रेझियर लॉक करायचा, ती दुसऱ्याच नामांकित कंपन्यांच्या बंदुकीत बसायची, वर नाव कंपनीचं आणि प्लेटच्या आतल्या बाजूला ब्रेझियरची अक्षरं. अमेरिकेत आजही हौशी लोक ठासणीच्या रायफली बनवतात त्यात सायलरचं लॉक, ग्रीन माउंटनची नळी आणि मेपलचा दस्ता तेवढा घरी तासलेला, मनात आलं तर नळीच्या वरच्या पट्टीवर सही करतात नाहीतर नाही. तिथले जाणकारसुद्धा लॉक अमक्याचं, नळी तमक्याची, जोडणारा माहीत नाही असंच सांगतात. तुम्हीपण प्रत्येक पार्ट वेगळा धरा.

खरी माहिती नळीच्या खाली, दस्त्यात झाकलेली असते. मुकुटाखाली दोन राजदंड एकमेकांवर तिरके आणि बी, पी, सी ही अक्षरं दिसली तर ती नळी बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये (नळीची मजबुती तपासणारी संस्था) तपासलेली, ते 1813 सालच्या कायद्यानं सुरू झालं. लंबगोलात ई.एल.जी. असेल तर बेल्जियममधल्या लीज शहरात तपासलेली, आणि त्या लंबगोलावर मुकुट असला तर 1893 नंतरची. नुसता 24 किंवा 25 आकडा असेल तर तो सीरियल नंबर नव्हे, नळीच्या भोकाचं माप आहे, 24 म्हणजे साधारण 0.58 इंच, 1853 च्या एनफील्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीचं माप त्याच्या जवळचंच.

रायफल की साधी ते बार नाही याची खात्री झाल्यावरच टॉर्च मारून बघा, आत पिळाच्या खाचा पाहिजेत. नसल्या तर घरच्यांना एवढ्यात सांगू नका, वाईट वाटतंय बिचाऱ्यांना. जुन्या लष्करी रायफलींच्या खाचा काढून, नळी कापून छर्ऱ्याच्या बंदुका करून विकायचेच. लॉकच्या प्लेटवर बुजवलेली भोकं दिसली तर ती आधी चकमकीची होती, नंतर टोपीची केली. दस्ता अक्रोडाचा असेल तर बहुतेक विलायती, शिसवी किंवा सागवानी असेल तर इकडं कुणीतरी बदललाय, आणि तो बदलणारापण बनवणाराच की.

नळी उतरवायचं काम लायसन असलेल्या रिपेअरवाल्याकडूनच करून घ्या, दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो. पॉलिश पेपर मारू नका. ठसे जातात, आणि 1959 च्या आर्म्स ॲक्टमध्ये कलम 8 खाली बंदुकीवरचा नंबर किंवा नाव खोडणं हा गुन्हा आहे, गंज काढत होतो म्हणून सांगितलं तर ठाण्यात कोण ऐकणार. तेलाचं फडकं, तिरपा उजेड आणि ठशांवर जरा टाल्कम पावडर, एवढ्यात अक्षरं दिसतात. फोटो इथं टाकलात तर बेल्जियम की बर्मिंगहॅम तेवढं सांगीन, फक्त लायसनचा नंबर झाकून टाका.